‘एमआर’ की ‘एमएआर’? भाषेचा कोड ठरवण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. संस्थेच्या ग्रंथालयात कोहा हे तालिकेचं सॉफ्टवेअर आधीपासून चालू आहे आणि आता डिजिटल संग्रहासाठी डीस्पेस हे दुसरं सॉफ्टवेअर बसवताय. संग्रहात मुख्यतः मराठी पुस्तकं, थोड्या संस्कृत पोथ्या, गोव्याहून देणगीत आलेली दोन कपाटं कोंकणी पुस्तकं, मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), आणि एका निवृत्त शिक्षकांनी मेळघाट, यवतमाळ व खानदेशात फिरून भरलेल्या गाण्यांच्या कॅसेटी आहेत. मेटाडेटातल्या, म्हणजे वस्तूबद्दलच्या नोंदीतल्या, भाषेच्या रकान्यात मराठीसाठी दोन अक्षरी ‘एमआर’ घालायचं की तीन अक्षरी ‘एमएआर’, आणि दोन्हीकडे एकच प्रमाण ठेवायचं का, असं तुम्ही विचारलंय. कोड मी इथे उच्चारानुसार देवनागरीत लिहितोय. नोंदीत ते रोमन अक्षरांत जातील, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

मराठीपुरतं उत्तर सोपं आहे: दोन्ही बरोबर आहेत आणि एकावरून दुसरा काढणं हे संगणकाचं अर्ध्या मिनिटाचं काम आहे. तुमची खरी अडचण कोंकणीची कपाटं आणि कॅसेटींची पेटी ही आहे. तिथे कोणती यादी निवडता यावर नोंदीत काय उरतं आणि काय कायमचं हरवतं हे ठरतं. म्हणून आधी याद्यांबद्दल थोडं सांगतो.

भाषांच्या कोडांचं आयएसओ ६३९ हे प्रमाण पहिल्यांदा १९८८ मध्ये आलं, ते दोन अक्षरी कोडांचं. आज आपण त्याला ६३९-१ म्हणतो, आणि त्यात दोनशेच्या आत भाषा आहेत. १९९८ मध्ये तीन अक्षरी ६३९-२ आलं. ते ग्रंथालयांच्या गरजेतून आलेलं, मार्क या ग्रंथालय-नोंदींच्या साच्याच्या भाषायादीशी जवळचं नातं असलेलं, आणि त्याची नोंदणी लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे होती. त्यात पाचशेच्या आत कोड आहेत, त्यांपैकी काही एका भाषेचे नसून अख्ख्या भाषागटाचे. २००७ मध्ये ६३९-३ आलं. जगातली प्रत्येक ज्ञात भाषा वेगळी दाखवायची हा त्याचा हेतू, म्हणून त्यात सात हजारांहून अधिक कोड आहेत. ते एसआयएल ही संस्था सांभाळते. २०२३ मध्ये हे सगळे भाग एकाच प्रमाणात गुंफले गेले, पण रोजच्या कामात लोक अजूनही जुन्याच क्रमांकांनी बोलतात, आणि तुमची सॉफ्टवेअरंही.

चौथी गोष्ट म्हणजे बीसीपी ४७, वेबवरच्या भाषेच्या लेबलांचं प्रमाण. ही यादी नाही, लेबल जोडण्याची रीत आहे: आधी भाषा, मग हवी तर लिपी, मग हवा तर देश. तिचा एक कडक नियम असा की भाषेला दोन अक्षरी कोड असेल तर तोच घ्यायचा, नसेल तरच तीन अक्षरी. म्हणजे वेबवर मराठी ‘एमआर’च, ‘एमएआर’ नाही. आणि कोंकणीला दोन अक्षरी कोडच नाही, म्हणून ती ‘केओके’.

वीसेक वर्षं तालिकीकरण, म्हणजे ग्रंथांच्या नोंदी, केल्यावर मी एकच कसोटी वापरतो. बारीक नोंदीवरून ढोबळ नोंद यंत्र करून देतं. ढोबळावरून बारीक करायचं तर माणसाला पुन्हा पुस्तक उघडावं लागतं, कॅसेट लावावी लागते. त्यामुळे कोणता कोड ‘योग्य’ यावर मी फार वाद घालत नाही. वस्तू हातात असताना जे कळलंय ते सगळं नोंदीत उतरलं का, एवढंच बघतो.

कसोटी एक असली तरी उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून राहील. सॉफ्टवेअर काय स्वीकारतं, नोंदी पुढे कुणाला द्यायच्या आहेत, आणि काम करणारी माणसं किती. एकट्या ग्रंथपालाने ६३९-३ मधल्या हजारो कोडांच्या नादी लागू नये. तिथल्या ज्या दहा-पंधरा भाषा खरोखर तुमच्या संग्रहात आहेत, तेवढ्यांची स्वतःची छोटी यादी करावी.

आता कोहा. कोहा मार्क २१ वर चालतं, आणि मार्कचा स्वतःचा नियम आहे. ००८ क्रमांकाच्या क्षेत्रातल्या, म्हणजे नोंदीच्या रकान्यातल्या, ३५ ते ३७ या स्थानांवर मार्कच्या यादीतला तीन अक्षरी कोडच बसतो. तिथे ‘एमएआर’ लिहा, तिथे निवडीला वावच नाही. ही यादी ६३९-२ च्या ‘ग्रंथसूची’ प्रकाराशी जुळते. वीसेक भाषांना ६३९-२ मध्ये दोन-दोन तीन अक्षरी कोड आहेत, एक ग्रंथसूचीसाठी, एक परिभाषेसाठी. मराठी, हिंदी, संस्कृतला हा घोळ नाही, पण फारसीला आहे. मोडीच्या रुमालांत आदिलशाही काळातले फारसी-मराठी दुभाषी कागद निघाले तर मार्कमध्ये फारसी ‘पीईआर’ होईल, परिभाषेच्या यादीत तीच ‘एफएएस’ आहे, आणि वेबवर ‘एफए’. जर्मनचंही तसंच: मार्कमध्ये ‘जीईआर’, दुसरीकडे ‘डीईयू’, वेबवर ‘डीई’. जर्मन भारतविद्यावंतांची जुनी पुस्तकं आपल्याकडच्या कितीतरी ग्रंथालयांत आहेत, म्हणून सांगतो.

००८ मध्ये एकच कोड मावतो. बाकीचं ०४१ या भाषांच्या क्षेत्रात. संस्कृत मूळ आणि मराठी टीका असलेल्या पोथीला दोन्ही भाषा द्या, दोन वेगळ्या उपक्षेत्रांत. जुन्या नोंदींत हे कोड एकाला एक चिकटवून लिहिलेले दिसतील, ती पद्धत आता बाद आहे. भाषांतराची नोंद तर मी कधीच सोडत नाही. बंगाली कादंबरी हिंदीवरून मराठीत आली असेल, आणि अशा कितीतरी आहेत, तर पुस्तकाची भाषा मराठी, मधली हिंदी, मूळ बंगाली, तिघींना ०४१ मध्ये स्वतंत्र जागा आहे. पुढे कुणी अभ्यासकाने विचारलं की हिंदीवरून मराठीत किती बंगाली साहित्य आलं, तर त्याचं उत्तर तुमच्या तालिकेतून निघू शकेल. मुखपृष्ठामागची ती एक ओळ वाचून कोड टाकायला अर्धा मिनिट लागतो.

डीस्पेसची गोष्ट वेगळी. तिथला मेटाडेटा डब्लिन कोअर या वर्णनाच्या प्रमाणाच्या धाटणीचा आहे, आणि डब्लिन कोअर तुम्हाला मोकळीक देतं: ६३९-२, ६३९-३ किंवा बीसीपी ४७ चं लेबल, काहीही चालेल. मोकळीक म्हणजेच गोंधळाला निमंत्रण. मी पूर्वी एका संस्थेचं काम केलं तिथे भाषेच्या रकान्यात ‘एमआर’, ‘एमएआर’, ‘एमआर-आयएन’, इंग्रजीत ‘मराठी’ आणि देवनागरीत ‘मराठी’ असे पाच प्रकार होते. शोधपानावर डावीकडे मराठीच्या पाच ओळी येत, प्रत्येकीसमोर वेगळा आकडा. वाचक पहिलीवर टिचकी मारी आणि उरलेली मराठी पुस्तकं त्याच्या दृष्टीने नसल्यातच जमा.

डीस्पेसच्या मूळ फॉर्ममध्ये भाषेची जी निवडसूची येते तिच्यात अमेरिकी इंग्रजी, इंग्रजी, स्पॅनिश, जर्मन वगैरे असतात, मराठी नसते. शिवाय अमेरिकी इंग्रजीचा कोड तिथे अधोरेषेने जोडलेला असतो, बीसीपी ४७ मध्ये मात्र जोडचिन्ह लागतं. एकाच नोंदीत दोन भाषा देण्याचीही सोय मूळ फॉर्ममध्ये बंद असते. तेव्हा पहिलं काम म्हणजे सबमिशन फॉर्मच्या फाइलमध्ये तुमची स्वतःची सूची घालणं आणि तो रकाना पुन्हापुन्हा भरता येईल असा करणं. भरणाऱ्याला सूचीत ‘मराठी’, ‘कोंकणी, रोमन लिपी’ असं दिसू दे, आत कोड जाऊ दे. हाताने कोड लिहायला कुणालाच लावू नका.

यामागे कारण आहे. आपण कोड अंदाजाने लिहितो, आणि अंदाज हमखास चुकतो. महाराष्ट्राच्या धर्तीवर मराठीला ‘एमएएच’ लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. तो प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांच्या भाषेचा कोड आहे. कोंकणीला ‘केओएन’ लिहिलं तर ती आफ्रिकेतली काँगो भाषा होते. कन्नडला ‘केए’ लिहिलं तर जॉर्जियन. कन्नडचा खरा कोड ‘केएन’. या चुका कुठलंही सॉफ्टवेअर पकडत नाही, कारण कोड खरे आहेत, फक्त दुसऱ्या भाषांचे.

डीस्पेससाठी माझा स्पष्ट सल्ला बीसीपी ४७ चा. एक कारण, वेबपानाची भाषा, ई-पबची भाषा आणि शोधयंत्रांसाठीचा मेटाडेटा, सगळे हीच रीत मागतात. पानाला मराठीचं लेबल लावलं की स्क्रीन रीडरला (मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) मराठी आवाज निवडता येतो, आणि काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरं हिंदी वळणाऐवजी आपल्या वळणाची दाखवतात. दुसरं, तुमच्यासाठी जास्त मोठं कारण लिपीचं आहे.

६३९ ची कोणतीही यादी फक्त भाषा सांगते. लिपी वेगळ्या प्रमाणात आहे, आयएसओ १५९२४ मध्ये. ‘मोडी’ ही भाषा नाही हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही, तरी भाषेच्या रकान्यात ‘मोडी’ लिहिलेल्या नोंदी मी अनेक ठिकाणी पाहिल्यात. त्या नोंदींतले कागद भाषेने मराठीच, पण मराठी शोधणाऱ्याला ते दिसत नाहीत. तुमच्या रुमालांना लेबल द्या ‘एमआर-एमओडीआय’: भाषा मराठी, लिपी मोडी. मोडीला लिपीचा कोड आहे आणि २०१४ पासून ती युनिकोडमध्येही आहे. कोहात मात्र ००८ ला ‘एमएआर’ आणि लिपीची माहिती ५४६ या भाषेच्या टिपेच्या क्षेत्रात, शब्दांत. देवनागरी मराठीला लिपी जोडू नका. बीसीपी ४७ च्या नोंदवहीतच मराठीची लिपी देवनागरी गृहीत धरलेली आहे, तेव्हा नुसतं ‘एमआर’ पुरतं. देशही सहसा जोडू नका. इस्राएलमध्ये किंवा मॉरिशसमध्ये छापलेलं मराठी पुस्तक मराठीच असतं, प्रकाशनस्थळ त्याच्या स्वतंत्र रकान्यात येतंच.

उलट बाजूचं उदाहरण गोव्यातलं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं, आणि त्याची भाषा मराठी. रोमन अक्षरं दिसली, गोवा दिसला, म्हणून घाईत कुणी त्याला पोर्तुगीज किंवा कोंकणी करून टाकील. बरोबर लेबल ‘एमआर-एलएटीएन’. याच लेखकाची कोंकणी दोत्रीन (ख्रिस्ती धर्मशिकवणीचं पुस्तक) १६२२ ची, तीही रोमन लिपीत, पण तिचं लेबल ‘केओके-एलएटीएन’. एकाच माणसाची एकाच लिपीतली दोन पुस्तकं आणि दोन भाषा. लिपीवरून भाषा ठरवू नये, हे मला यापेक्षा चांगल्या उदाहरणाने समजावता येत नाही.

आता तुमची दोन कपाटं. कोंकणी देवनागरीत आहे, रोमीत (रोमन लिपीत) आहे, मंगळुराकडे कन्नड लिपीत आहे, केरळात मल्याळम लिपीत लिहिली गेली आहे. देणगी गोव्याहून आलीय म्हणजे देवनागरी आणि रोमी दोन्ही असणार, तियात्रांच्या (गोव्यातल्या कोंकणी नाटकांच्या) संहिता असतील तर त्या रोमीच. ६३९-२ मध्ये या सगळ्यांना एकच ‘केओके’. ६३९-३ मध्ये मात्र ‘केओके’ ही छत्री होते आणि तिच्याखाली दोन भाषा येतात: ‘जीओएम’ म्हणजे गोव्याची कोंकणी, आणि ‘केएनएन’ म्हणजे दुसरी, जिच्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या बोली मोजल्या जातात.

इथे तुम्हाला कुणीतरी नक्की अडवेल. मालवणी मराठीची बोली की कोंकणीची, हा प्रश्न तुमच्या वाचनकक्षात तापेल. मी याबाबतीत ठाम आहे: तालिकाकाराने हा न्यायनिवाडा आपल्या अंगावर घेऊ नये. कोड म्हणजे भाषेला दिलेलं प्रमाणपत्र नाही, तो वस्तू सापडावी म्हणून लावलेला दोरा आहे. म्हणून सगळ्या कोंकणी पुस्तकांना ‘केओके’ द्या, लिपी देवनागरी नसेल तर ती जोडा, आणि पुस्तकाने स्वतःला जे म्हणवून घेतलंय ते टिपेत जसंच्या तसं उतरवा. मलपृष्ठावर ‘मालवणी कविता’ असं छापलं असेल तर टिपेत ‘मालवणी’ हा शब्द असलाच पाहिजे. शोधणारा तोच शब्द टंकणार आहे. ‘जीओएम’ आणि ‘केएनएन’ची बारकाई छापील पुस्तकांसाठी मी करत नाही. त्या फरकाचा वाचकाला उपयोग थोडा आणि चुकीची शक्यता मोठी.

कॅसेटींसाठी मी नेमकं उलटं सांगणार आहे, आणि यात विसंगती नाही. पुस्तक पुन्हा उघडता येतं. शिवाय ६३९-२ मध्ये कोंकणी निदान कोंकणी म्हणून दिसते. कॅसेटींतल्या भाषांचं तसं नाही. मेळघाटातली कोरकू ही मुंडा कुळातली, तिला ६३९-२ मध्ये स्वतःचा कोड नाही. ती मुंडा भाषांच्या ‘एमयूएन’ या सामूहिक कोडात जाते. यवतमाळकडची कोलामी द्रविड, ती ‘डीआरए’मध्ये, म्हणजे इतर अनेक छोट्या द्रविड भाषांच्या एकाच ढिगाऱ्यात. खानदेशातली अहिराणी ‘आयएनसी’मध्ये, म्हणजे भारतीय-आर्य कुळातल्या उरल्यासुरल्या भाषांबरोबर. रायगडच्या कातकरी आणि पालघरच्या वारली गीतांचंही तेच. अशा नोंदीतून कोरकू गाणं शोधायला निघालेल्या कोरकू मुलीला काय मिळेल? ‘मुंडा भाषा’ हे नाव तिने कदाचित आयुष्यात ऐकलेलंही नसेल.

६३९-३ मध्ये या प्रत्येकीला जागा आहे: कोरकू ‘केएफक्यू’, वायव्य कोलामी ‘केएफबी’, अहिराणी ‘एएचआर’, कातकरी ‘केएफयू’, वारली ‘व्हीएव्ही’. डीस्पेसमध्ये हेच वापरा. बीसीपी ४७ लाही ते चालतं, कारण यांना दोन अक्षरी कोड नाहीत. कॅसेटी कोहात घेणार असाल तर ००८ मध्ये सामूहिक कोड टाका, आणि ०४१ च्या दुसऱ्या निर्देशकात ७ घालून त्याच क्षेत्रात स्रोत म्हणून आयएसओ ६३९-३ लिहा, मग तिथे नेमका कोड बसतो. ०४१ मध्ये गायलेल्या-बोललेल्या भाषेचं उपक्षेत्र लिखित मजकुराच्या उपक्षेत्राहून वेगळं आहे, हेही ध्यानात ठेवा.

एक सावधगिरी. ६३९-३ ची यादी दरवर्षी थोडी बदलते. दक्षिण गोंडीचा जुना ‘जीजीओ’ कोड रद्द होऊन अहेरी गोंडी आणि आदिलाबाद गोंडी असे दोन वेगळे कोड झाले. गडचिरोलीची एखादी कॅसेट असेल तर जुन्या यादीवरून कोड घेऊ नका. आणि तुमच्या नियमांच्या कागदावर कोणत्या महिन्यातली यादी पाहिली ते लिहून ठेवा.

उरलेले दोन-तीन खड्डे पटकन सांगतो. भाषा ओळखता आली नाही तर ‘यूएनडी’ लिहा, रकाना रिकामा सोडू नका. रिकामा रकाना म्हणजे कुणी पाहिलंच नाही की पाहून कळलं नाही, हे नंतर समजत नाही. शब्दच नसलेल्या मुद्रणाला, नुसती सनई किंवा नुसता संबळ, ‘झेडएक्सएक्स’. ‘एमयूएल’ हा बहुभाषी कोड मी शेवटचा उपाय म्हणून ठेवतो. दोन-तीन भाषा असतील तर त्या सरळ मोजून द्या. यादवकाळातल्या ग्रंथांना प्राचीन मराठीचा ‘ओएमआर’ लावायचा मोह होईल. ६३९-३ मध्ये तो आहे, पण छापील आवृत्त्यांना मी ‘एमआर’च ठेवतो, नाहीतर मराठी निवडणाऱ्या वाचकाला आपलेच सर्वांत जुने ग्रंथ दिसायचे नाहीत. महानुभावांच्या सकळ या सांकेतिक लिपीतल्या पोथ्या कधी आल्या तर लिपी टिपेत शब्दांत लिहा. आणि नोंदीची भाषा व वस्तूची भाषा गल्लत करू नका: मराठी पुस्तकाचं वर्णन तुम्ही इंग्रजीत केलं म्हणून पुस्तक इंग्रजी होत नाही. शीर्षक रोमन अक्षरांत दिलं असेल तर त्या शीर्षकाचं लेबल ‘एमआर-एलएटीएन’.

थोडक्यात तुमच्यासाठी: कोहात मार्कचे तीन अक्षरी कोड, डीस्पेसमध्ये बीसीपी ४७, आणि दोन्हींमध्ये एक रूपांतर-तक्ता, ज्यात डावीकडे ‘एमएआर’, उजवीकडे ‘एमआर’ अशा तुमच्या दहा-पंधरा ओळी. नोंदी कुठल्या राष्ट्रीय संग्रहाला देणार असाल तर त्यांना कोणतं रूप हवंय ते आधी विचारा आणि तक्त्यात तिसरा स्तंभ वाढवा. जुन्या नोंदी हाताने दुरुस्त करत बसू नका. भाषेच्या रकान्यातली सगळी वेगवेगळी मूल्यं आधी एका यादीत काढा, मग एकेका मूल्याची एकदम अदलाबदल करा. हजारो नोंदींमागे अशी मूल्यं सहसा वीस-पंचवीसच निघतात.

पण सुरुवात पुस्तकांपासून करू नका. पुस्तकं कपाटात आहेत, ती थांबतील. ते शिक्षक अजून संस्थेत येतात असं तुम्ही लिहिलंय. कोणती कॅसेट कोणत्या गावात भरली, गाणारी बाई कोरकू होती की कोलाम, ती आपल्या भाषेला काय म्हणायची, हे आज फक्त त्यांना ठाऊक आहे. पुढच्या वेळी ते आले की पेटी टेबलावर काढा, एकेक कॅसेट त्यांच्या हातात द्या आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या. कोड नंतर कधीही लावता येतील.